धुलाईच्या पाण्यातील सूक्ष्मतंतू

मागील लेखांकात पॉलिएस्टर, नायलॉन आणि ॲक्रिलिक हे धागे खनिज तेलापासून कसे बनतात ते पाहिले; त्या धाग्यांचे कपडे घरच्या यंत्रात धुताना काय घडते, हा या लेखांकाचा विषय आहे. अशा कापडाचे सूत पुष्कळदा आखूड तंतूंना पीळ देऊन तयार केलेले असते. यंत्रात कपड्यावर कपडा घासला जातो, पाण्याच्या माऱ्याने पीळ सैल होतो आणि मोकळी झालेली टोके तुटून पाण्यात मिसळतात. पाच मिलिमीटरहून आखूड असलेल्या या तुकड्यांना सूक्ष्मतंतू म्हणतात. सुती कपड्यांचेही तंतू गळतात, परंतु जिवाणू त्यांचे विघटन करू शकतात. पॉलिएस्टर मात्र दीर्घकाळ तसेच टिकते.

इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्प्सन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार सहा किलो कपड्यांच्या एका धुलाईत ॲक्रिलिकचे सात लाखांहून अधिक, तर पॉलिएस्टरचे सुमारे पाच लाख तंतू सुटू शकतात. न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांना २०१९ मध्ये असेही आढळले की, पिंप किती जोराने फिरते यापेक्षा कपड्यांच्या मानाने पाणी किती आहे याचा तंतू गळण्यावर अधिक परिणाम होतो. त्यामुळे नाजूक कपड्यांसाठी म्हणून ठेवलेली, भरपूर पाणी वापरणारी सौम्य धुलाईच अधिक तंतू सोडते.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र हे तंतू अडवते, हे खरे असले तरी तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. ग्लासगोजवळच्या एका केंद्रात सूक्ष्मप्लास्टिकचे ९८ टक्क्यांहून अधिक कण वेगळे होत असल्याचे २०१६ मधील अभ्यासात दिसले. तरीही पाण्याचे प्रमाण प्रचंड असल्यामुळे रोज सुमारे साडेसहा कोटी कण क्लाइड नदीत जात असावेत, असा हिशेब निघाला. शिवाय अडवलेला कण नष्ट होत नाही, तो गाळात साठतो आणि अनेक देशांत हाच गाळ खत म्हणून शेतात पसरला जातो. म्हणजे नदी वाचवताना माती दूषित होते, आणि म्हणूनच तंतू यंत्राच्या तोंडाशीच अडवणे हा अधिक सयुक्तिक मार्ग ठरतो.

कॅनडातील ओंटारियो प्रांतात ह्यूरॉन सरोवराकाठी असलेल्या पॅरी साउंड या छोट्या गावात हा मार्ग प्रत्यक्ष अजमावण्यात आला. तेथील ९७ घरांच्या यंत्रांना गाळण्या बसवल्यानंतर, ही घरे केंद्राशी जोडलेल्या एकूण घरांच्या जेमतेम दहा टक्के असूनही, केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील सूक्ष्मतंतू लक्षणीय प्रमाणात घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नोंदवले आहे. फ्रान्सने तर २०२० च्या कायद्यात, २०२५ पासूनच्या नव्या यंत्रांना अशी गाळणी असावी, अशी तरतूद केली. मात्र गाळणीत जमलेला लगदा नळाखाली धुतला की सारे तंतू पुन्हा त्याच गटारात जातात. तो वाळवून सुक्या कचऱ्यातच टाकावा लागतो.