वसंतात पाहायचं, मृगात लावायचं

माघ सरत आला की विदर्भातल्या केळापूर तालुक्यात झाडवेड्या माणसाची नजर आपसूक पळसाकडे वळते. पांढरकवड्याहून पाटणबोरीकडे निघा किंवा सुन्ना गावाची वाट धरा. पाने झडलेल्या फांद्यांवर काळपट, मखमली कळ्यांचे घोस लगडलेले दिसतात. कळी उकलली की पोपटाच्या चोचीसारखी वाकडी केशरी पाकळी बाहेर येते आणि मधासाठी मैना, शिंजीर यांची झुंबड उडते.

सुन्नापासून जवळच टिपेश्वरचे जंगल आहे. १९९७ साली अभयारण्य झालेले हे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे रान लोकांना वाघामुळे ठाऊक आहे. फाल्गुनात मात्र ते झाडांसाठीही पाहावे. सागाची पाने गळून रान मोकळे झालेले असते. काटेसावर लाल फुलांनी भरते, मागोमाग मोहाची रसरशीत फुले पहाटे जमिनीवर पडू लागतात. ती वेचायला गोंड, कोलाम कुटुंबे उजाडण्याआधीच झाडाखाली पोचलेली असतात.

ही झाडे ऐन कोरड्या दिवसांत फुलतात कशी? पानांतून सतत पाणी उडून जाते. जमिनीतली ओल कमी होऊ लागली की झाड पाने गाळून तो खर्च थांबवते आणि साठवलेले अन्न व खोल मुळांनी ओढलेले पाणी फुलांना देते. पानांचा आडोसा नसल्याने फुले पक्ष्यांना, मधमाश्यांना लांबूनही दिसतात.

घरच्या बागेत हाच हिशेब मोगऱ्याला लागू पडतो. जाणता माळी थंडीत त्याचे पाणी तोडतो, म्हणजे ताण देतो. पाने पिवळी पडली की छाटणी होते, बुंध्याभोवतीची माती उकरून शेणखत घातले जाते आणि मग भरपूर पाणी. थोड्याच दिवसांत छाटलेल्या काडीच्या पेरांतून पोपटी धुमारे फुटतात. मोगऱ्याची कळी या नव्या फुटीवरच धरते. जुन्या काड्यांची दया येऊन छाटणी टाळली, की पाला वाढतो आणि फुले रोडावतात.

ही पालवी पाहून नवी रोपे आणण्याचा मोह होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपवाटिका फुललेल्या असतात आणि बागकामाची बरीच पुस्तकेही वसंतातच बहुवर्षायू रोपे लावायला सांगतात. पण तो सल्ला थंड देशांचा. तिथे झाडाची वाढ थंडीने थांबते आणि बर्फ वितळून माती उबदार झाली की जमिनीत दडलेले खोड पुन्हा फुटते. विदर्भात झाडाला अडवतो तो उन्हाळ्यातला पाण्याचा तुटवडा. मार्चमध्ये लावलेल्या रोपाने मूळ धरण्याआधीच मे येतो आणि पारा ४५ अंशांकडे झेपावतो. त्यात आपली काळी माती. ती वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळे तटातट तुटतात.

म्हणून इथल्या कित्येक कंदवर्गीय झाडांनी आपली झोप उन्हाळ्यात ठेवली आहे. सागवनातली कळलावी घ्या. वैशाखात तिचा मागमूस नसतो. पावसाच्या सरी आल्या की कंदातून वेल निघतो. तिच्या पानाचे टोक तणाव्यासारखे वळते आणि शेजारच्या फांदीला घट्ट धरते. श्रावण-भाद्रपदात पिवळ्या-लाल, वर उलटलेल्या पाकळ्यांची फुले येतात. मात्र ती सर्वांगाने विषारी आहे, कंद तर फारच. लहान मुले आणि गुरे असलेल्या घरी ती लावूच नये. सफेद मुसळीही अशीच पावसाबरोबर उगवते. हळद आणि अमेरिकेतून येऊन आपल्या अंगणात रुळलेली पावसाळी लिलीही पावसाच्या हाकेला ओ देतात.

मग वसंतात बागवेड्याने करायचे काय? जागा हेरायची. दुपारचे ऊन कुठे भाजून काढते, भिंतीची सावली कुठवर येते, हे आत्ता जितके नीट कळते तितके पावसाळ्यात कळत नाही. झोपलेल्या कंदांपाशी खुणेच्या काड्या रोवाव्यात, म्हणजे खुरपे लागून ते चिरडत नाहीत. गळलेला पाला जाळू नये. मोगरा, जास्वंद, सोनचाफा यांच्या आळ्यात त्याचा जाड थर पसरावा, ओल टिकते. काळ्या मातीत पावसाचे पाणी साचून कंद कुजतात. त्यासाठी मे महिन्यातच मुरूम, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून गादीवाफे उंच करून ठेवावेत.

रोपे आणि कंद आणावेत ते रोपवाटिकेतून किंवा शेजाऱ्यांच्या बागेतून. टिपेश्वरमधले रोप उपटून आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, शिवाय रानही ओरबाडले जाते. मृगाचा चांगला पाऊस पडून वाफसा आला की लागवड करावी. चार महिने पावसाचे, चार महिने थंडीचे, एवढा अवधी मिळालेले रोप पहिल्या उन्हाळ्यात बहुधा तग धरते. तेव्हा यंदा पळस डोळे भरून पाहा, मोगरा वेळेवर छाटा आणि नव्या रोपांची यादी करून ठेवा. खरेदी मात्र जूनमध्येच करा.