तलावातील मासे : आरोग्य व आढळ

साठविलेल्या गोड्या पाण्यात माशांचे आरोग्य राखणे व त्यांच्या वावराच्या जागा ओळखणे, ही दोन्ही कामे मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनाच्या प्रमाणावर अवलंबून असतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात याला विशेष महत्त्व आहे. अकोले तालुक्याचा सह्याद्रीलगतचा भाग सोडल्यास बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेत येतो; त्यामुळे उन्हाळ्यात तळी आटून थोड्या पाण्यात माशांची दाटी होते. प्रवरेवरील भंडारदरा (१९२६) व मुळा नदीवरील मुळा हे येथील प्रमुख जलाशय असून, शेवगाव व नेवासे तालुक्यांत जायकवाडी धरणाचा फुगवटा पसरला आहे.

आरोग्य : कटला वरच्या, रोहू मधल्या व मृगळ तळच्या थरात चरत असल्याने तळ्यात हे मासे एकत्र वाढवितात. पाण्यात लिटरमागे सु. ५ मिग्रॅ. ऑक्सिजन असावा. रात्री पाणवनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालू राहते. म्हणून पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर ती धोक्याची खूण समजावी. अशा वेळी खाद्य व खत बंद करून ताजे पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे सोडतात. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात बाहेरून दिलेल्या खाद्यावर अधिक भर असतो. उरलेले खाद्य कुजूनही ऑक्सिजन घटतो.

ताण पडलेल्या माशांना रोग लवकर जडतात. अंगावरील कापसासारखे पुंजके कवकामुळे येतात. मत्स्य-ऊ चिकटल्यास मासे कडेला अंग घासतात. लाल व्रण पाडणारा साथीचा व्रणरोग भारतात प्रथम १९८८ मध्ये आढळला. बोटुकली सोडण्यापूर्वी मिठाच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ बुडविणे व तळ्यात बेताने चुना टाकणे हे प्रतिबंधक उपाय होत. पाणी घटू लागताच मोठे मासे काढून घ्यावेत. उशीर झाल्यास एका रात्रीत सर्व मासे मरू शकतात.

आढळ : पावसाळ्यात ताजे पाणी आणणाऱ्या ओढ्यांच्या मुखाशी मासे जमतात, हिवाळ्यात दुपारी ते उन्हाने उबदार झालेल्या उथळ कडेला येतात. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर ते बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या खोलगट भागाकडे वळतात. मरळ हवेतील ऑक्सिजनही घेऊ शकत असल्याने पाणवनस्पतींनी भरलेल्या, साचलेल्या पाण्यातही आढळतो. जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यामुळे गळ टाकण्यापूर्वी परवानगी घ्यावी. पावसाळ्याच्या आरंभी प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे अंडी घालण्यास निघालेले असल्याने ते पकडू नयेत.