वाळूंतील नांगर

मराठींत ‘नांगर’ या एकाच शब्दानें दोन निराळ्या वस्तु ओळखल्या जातात. एक शेतकऱ्याचा, जमीन उकरणारा. दुसरा नाखव्याचा, गलबताला एका जागीं धरून ठेवणारा. दोहोंना एकच नांव कां, याचा उलगडा कोशकारांनीं करावा. परंतु यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर हे दोघे सख्खे भाऊ शोभतात. १९३३ सालीं केंब्रिज येथील नामांकित पदार्थशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनीं पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठीं एक नांगर तयार केला. त्याचा फाळ शेताच्या नांगरासारखाच होता, आणि दोराला ओढ बसूं लागली कीं तो तळाच्या वाळूंत अधिकाधिक खोल शिरे. या घराण्यांतला तिसरा भाऊ मात्र समुद्रापासून शेकडों मैल दूर, जेथें पाण्याचा थेंब दिसत नाहीं अशा वाळवंटांत उपयोगी पडतो.

दुबईस किंवा मस्कतला नोकरीधंद्यानिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना वाळूच्या टेकड्यांवर मोटार नेण्याचा छंद आतां नवा राहिलेला नाहीं. चारही चाकांना इंजिनाची शक्ति मिळणाऱ्या त्या दणकट गाड्या पाहिल्या म्हणजे त्यांना कोणतीच वाट अवघड नसावी असें वाटतें. पण कोरड्या, मोकळ्या वाळूंत चाक एकदां जागच्या जागीं फिरूं लागलें कीं तें पुढें न जातां खालीं जातें. चालक घाबरून इंजिनाचा वेग वाढवितो, आणि फेऱ्यागणिक चाक आपल्याच हातानें आपला खड्डा खोदीत राहतें. शेवटीं गाडीचें पोट वाळूला टेकतें. मग चाकांवर भारच उरत नाहीं आणि तीं नुसतीं भिरभिरतात.

अशा वेळीं गाडीच्या तोंडाशीं बसविलेलें विंच नांवाचें यंत्र कामास येतें. विहिरीवरच्या रहाटाप्रमाणें त्याच्या रुळावर दोर गुंडाळला जातो. फरक इतकाच कीं रहाटानें पोहरा वर येतो. येथें दोराचें दुसरें टोंक बाहेर कशाला तरी पक्कें बांधलेलें असल्यामुळें गाडीच दोराच्या दिशेनें सरकते. ‘कशाला तरी’ या दोन शब्दांतच सारी अडचण आहे. सह्याद्रीच्या घाटांत असा प्रसंग आला तर एखादें झाड, निदान एखादा कातळ सांपडतो. सहारांत, किंवा ज्याच्या नांवाचा अर्थच ‘रिकामा चतुर्थांश’ असा आहे त्या अरबस्तानांतील रुब-अल्-खालींत, नजर पोंचेल तेथवर बांधण्याजोगें कांहींच नसतें. तेथें नांगर वाळूंतच टाकावा लागतो.

हा नांगर किती भक्कम असावा? विंच जितक्या जोरानें गाडीला पुढें ओढतें तितक्याच जोरानें तें नांगरालाही गाडीकडे ओढीत असतें. शाळेंत पाठ केलेला न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. या ओढाताणींत जो आधीं हार खाईल तो सरकेल. झाडाला दोर बांधला असतां झाड हार खात नाहीं. वाळूंत मात्र पुष्कळदां असें घडतें कीं गाडी जागची हलत नाहीं आणि नांगरच मुकाट्यानें गाडीकडे चालत येतो.

थोडा हिशेब करून पाहूं. माणसें, सामान, पाणी व इंधन धरून गाडीचें वजन ३ टन मानावें. लष्करी मोटारवाल्यांचा जुना ठोकताळा असा आहे कीं सपाट पण मऊ व कोरड्या वाळूंत गाडी ओढण्यास तिच्या वजनाच्या सुमारें चौथा हिस्सा जोर लागतो. म्हणजे ७५० किलो. वाट १५ अंशांच्या चढाची असेल तर आणखी जवळजवळ तितकाच जोर लागतो. बेरीज दीड टन झाली. पण चाकें पुरतीं रुतून गाडी पोटावर बसली असेल तर हा आंकडा तिच्या सबंध वजनाइतका, म्हणजे ३ टनांवर जातो. गाडी तीच, यंत्र तेंच. परंतु नांगरावरचा भार चौपट.

आतां वाळू काय सोसूं शकते तें पाहावें. ओल्या वाळूचा किल्ला मुलें चौपाटीवर बांधतात. कोरड्या वाळूचा तो बांधतां येत नाहीं, कारण तिला चिकटपणा नाहीं. तिची सारी ताकद कणाकणांमधील घर्षणांत आणि वरच्या थराच्या वजनांत असते. वाळूंत उभी पुरलेली फळी दोरानें ओढली म्हणजे तिच्या समोरची पाचरीच्या आकाराची वाळू तिरपी वर ढकलली जाऊं लागते. ती पाचर उचलण्यास जेवढा जोर लागेल तेवढी नांगराची पकड. म्हणजे पकडणारें लोखंड नव्हे, वाळूचें वजन आहे. मातीच्या दाबाचें हें गणित ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांनीं १८५७ सालीं मांडलें, आणि भिंतींच्या व बांधांच्या कामीं इंजिनिअर तें अजूनही वापरतात. त्या गणितानें, एक मीटर रुंदीची फळी अर्धा मीटर खोल पुरली तर साधारण ६०० किलोंची पकड मिळते. पूर्ण एक मीटर खोल पुरली तर २४०० किलोंची. खोली दुप्पट झाली तर पकड चौपट होते. वाळू सैल असेल तर हे आंकडे खालीं येतात, घट्ट असेल तर वर जातात. पण खोलीचा हा नियम कायम राहतो. म्हणून हातभर खोल खणून ‘आतां पुरे’ म्हणणारा मनुष्य आपले श्रम फुकट घालवितो.

फळी किंवा ओंडका बरोबर नसेल तर गाडीचें जादा चाक, ज्याला आपल्याकडे सर्रास स्टेपनी म्हणतात, तेंच उभें पुरण्याची जुनी रीत आहे. मधल्या भोंकांतून पट्टा किंवा साखळी ओढून मागच्या बाजूस लोखंडी पहार आडवी अडकवितात. पाऊण मीटर व्यासाचें चाक, त्याची खालची कड मीटरभर खोल जाईल असें पुरलें, तर वरच्या हिशेबानें सुमारें १८०० किलो धरतें. चढावरच्या दीड टनाला तें कसेंबसें पुरेल. पोटावर बसलेल्या गाडीच्या ३ टनांना पुरणार नाहीं.

आणि मीटरभर खोल खणणें हें बोलण्याइतकें सोपें नाहीं. कोरड्या वाळूच्या कडा उभ्या राहत नाहींत. साधारण ३४ अंशांच्या उतारावर त्या ढासळत येतात. त्यामुळें तळाशीं चाक मावेल एवढी जागा हवी असली तरी वर खड्डा सर्व बाजूंनीं दीड-दीड मीटर रुंदावतो, आणि पांच घनमीटर, म्हणजे सुमारें आठ टन वाळू फावड्यानें हलवावी लागते. खालचा थर थोडा दमट लागला तर हें काम पुष्कळच हलकें होतें, पण त्यावर विसंबतां येत नाहीं. भर उन्हांत कष्ट करणाऱ्या माणसाच्या अंगांतून तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जातो. येथें नांगराची किंमत पिण्याच्या पाण्यांत मोजावी लागते, आणि पाणी तर बरोबर आणलें तेवढेंच. म्हणून जाणते लोक दुपारीं गाडीच्या सावलींत स्वस्थ पडून राहतात व ऊन उतरल्यावर फावडें हातीं घेतात. तसेंच गाडी सोडून मदत शोधावयास पायीं निघण्याचा मोह ते कटाक्षानें टाळतात, कारण शोधावयास आलेल्या विमानांतून गाडी दिसते, एकटा मनुष्य दिसत नाहीं.

खणतांना दोन पथ्यें पाळावींत. गाडीकडच्या बाजूची वाळू होतां होईल तों मोडूं नये. मोडलीच तर परत भरतांना ती पायांनीं तुडवून घट्ट करावी, कारण पकड तिचीच आहे. दुसरें, दोरासाठीं गाडीच्या दिशेनें एक अरुंद, हळूहळू वर येणारा चर खणावा. तो न खणल्यास दोर नांगराला वरच्या बाजूस उपटूं लागतो, आणि मग खोलीचा सगळा फायदा बुडतो. नांगर गाडीपासून जितका दूर तितकी ओढ आडवी. टेलरसाहेबांचा नांगर टाकणारा खलाशीही याच कारणासाठीं दोर लांब सोडतो.

फाळ असलेले घडीचे लोखंडी नांगरही आतां मिळतात. दोर ताणला कीं फाळ आपोआप वाळूंत शिरतो, त्यामुळें खणण्याचे श्रम वांचतात. मात्र अगदीं भुसभुशीत वाळूंत ते पुरेसे खोल जाण्यापूर्वींच बरेंच अंतर सरकत येतात. लोखंडी मेखांची रांग कठीण जमिनींत उत्तम काम देते, पण कोरड्या वाळूंत ती भाताच्या ढिगांत काड्या खोंचल्यासारखी आहे. दुसरी गाडी बरोबर असेल तर तिचा नांगर करतां येतो. तिच्याही चाकांपुढें खड्डे करून ती रोंवावी लागते, नाहीं तर एकीच्या जागीं दोन गाड्या अडकावयाच्या.

कप्पीविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. नांगराला कप्पी बांधून दोर परत गाडीकडे आणला म्हणजे विंचवरील ताण निम्मा होतो, हें खरें. पण नांगरावर दोराचे दोन पदर ओढत असतात, आणि त्या दोहोंची बेरीज पूर्वींइतकीच भरते. कप्पी विंचला वांचविते, नांगराला नाहीं.

तेव्हां नांगर बळकट करण्यापेक्षां गाडीचा भार हलका करणें स्वस्त पडतें, हें ओघानेंच आलें. ब्रिटिश सैन्यांतील अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड (१८९६–१९९०) यांनीं १९२९ पासून पुढें फोर्ड मोटारींतून ईजिप्तच्या पश्चिमेकडील वाळूच्या महासागरांत ज्या सफरी केल्या त्यांत हेंच दिसून येतें. कैरोच्या भंगारांत त्यांना पहिल्या महायुद्धांत खंदकांच्या छपरांसाठीं केलेल्या पोलादी पन्हळी मिळाल्या. रुतलेल्या चाकांखालीं त्या सरकवून ते गाडी बाहेर काढीत. टायरांतील हवा कमी करून ते चाकाचा तळवा रुंद करीत. वाळूचें वागणें त्यांनीं पुढें प्रयोगशाळेंत अभ्यासिलें, आणि १९४१ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ त्या विषयांत अद्याप प्रमाण मानला जातो. टेकडीच्या वाऱ्याकडील अंगावर कण ठोकून बसविल्यासारखे घट्ट असतात, आडोशाच्या अंगावर ते नुसते घसरून सांचलेले असतात. हा भेद ओळखणारा चालक मुळांत रुततच कमी. १९४० सालीं त्यांनीं उभारलेल्या लांब पल्ल्याच्या वाळवंटी दलाच्या लॉऱ्यांवरही अशाच पन्हळी लादलेल्या असत.

सारांश नव्हे, पण क्रम असा पडतो: आधीं हवा कमी करावी, मग पोटाखालची व चाकांपुढची वाळू उपसून तेथें पन्हळ किंवा फळी घालावी, सामान उतरवावें, आणि तेवढ्यानें न भागलें तर नांगर पुरावा. चाकांभोवतीं अर्धा तास उपसलेली वाळू ३ टनांचा भार एका टनाच्या आसपास आणूं शकते, आणि मग तेंच स्टेपनीचें चाक सहज पुरतें.

ताणलेला पोलादी दोर तुटला तर तो चाबकासारखा उलटतो व माणसाचा पाय तोडण्याइतकी शक्ति त्यांत असते. म्हणून दोरावर मधोमध जाड घोंगडी टाकतात, हातमोजे घालतात, आणि दोराच्या लांबीच्या आंत कोणालाही उभें राहूं देत नाहींत. मुलांना तर नाहींच. हल्लींचे कृत्रिम धाग्यांचे दोर वजनाला हलके व तुटल्यास कमी घातक असतात, परंतु उन्हानें व वाळूच्या घासण्यानें ते झिजतात, याकडे लक्ष ठेवावें लागतें.

गाडी सुटली कीं चालकानें लगेच थांबावयाचें नसतें. दोर सोडवून, घट्ट जमीन लागेपर्यंत तिला एका दमांत पुढें न्यावयाचें असतें. चाक मात्र मागें मीटरभर खोल पुरलेलेंच राहतें, आणि स्टेपनीवांचून वाळवंटांत पुढें जाणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून पुरतांनाच चाकाच्या वरच्या कडेला एक जादा दोर बांधून त्याचें टोंक वाळूबाहेर ठेवतात. जी पकड आडव्या ओढीला हटली नाहीं ती थोडी वाळू उपसून सरळ वर खेंचतांच सुटते, आणि दोघांनीं मिळून तें चाक घट्ट जमिनीपर्यंत लोटीत न्यावयाचें.