चार इमलीतील फुलबाग आणि कुंडीखालची ताटली

गेल्या जानेवारीत भोपाळला जाण्याचा योग आला. आमचे एक आप्त तेथे चार इमली ह्या वस्तीत सरकारी निवासस्थानात राहतात. इमली म्हणजे आपली चिंच. फाटकातून आत शिरताच डोळे निवले. पिटुनिया, फ्लॉक्स, कॅलेंडुला, डेलिया. अंगण लहान, पण पाय ठेवायला जागा नाही इतकी फुले.

आपल्या किनारपट्टीवर ह्या फुलांना एवढा रंग का चढत नाही? भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच. जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. ही थंडी आपल्या वाडीत कोठून आणायची? तेथील माती मात्र काळी, चिकट. वाळली की कुंडीत भेगा पडतात. म्हणून वहिनी एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण करतात. पिटुनियाचे बी धुळीसारखे बारीक. ते रेतीत मिसळून पसरावे, वर माती लोटू नये. उगवायला त्याला उजेड लागतो. पेरणीपासून फुलापर्यंत दहा-बारा आठवडे जातात, तेव्हा नाताळात फुले हवी असतील तर सप्टेंबरात आडोशाला रोप टाकलेच पाहिजे. सुकलेले फूल रोज खुडावे. बी धरले की झाड फुलायचे थांबते.

पण ही बाग गेल्या वर्षीच मोडायची होती. पावसाळा संपता संपता घरातल्या सुनेला डेंग्यू झाला. आठवडाभर सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. ती बरी झाली, आणि मग पाहतात तो कुंड्यांखालच्या ताटल्यांत अळ्या वळवळत होत्या! सर्व कुंड्या देऊन टाका, असे घरातील वडील मंडळींनी ठरवले होते.

वहिनींनी कुंड्या ठेवल्या, ताटल्या काढल्या. जेथे फरशीवर डाग पडतो तेथे ताटलीत काठोकाठ वाळू भरली. दर शनिवारी पक्ष्यांचे भांडे व पाण्याची टाकी घासणे हा घरचा नेमच झाला. घासणे म्हणजे घासणेच. नुसते पाणी ओतून भागत नाही. ही डासीण आपली अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटवते. ती कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी आले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याचा हिशेब. हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी व सूर्यास्ताच्या आधी. म्हणजे नेमके आपण बागेत खुरपे घेऊन बसलेलो असतो तेव्हा. (रात्री मच्छरदाणी लावली की झाले, अशी आमचीही समजूत होती.) बावखलात गप्पी मासे सोडता येतात, ताटलीत कुठले सोडणार?

अशा दिवसांत ताप आला तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल प्रमाणात घ्यावे, पाणी भरपूर प्यावे व रक्त तपासून घ्यावे. ताप उतरताना पोटात कळा, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसले तर रुग्णाला तत्काळ इस्पितळात न्या. धोक्याचा काळ तोच असतो.

आता थोडे आपल्या शेताचे. पिटुनियाने आपले पोट भरणार नाही, झेंडूने भरेल. २ नोव्हेंबरला कबरींसाठी फुले हवीत तर ऑगस्टच्या आरंभी बी टाकावे. सुमारे तीन महिने लागतात. टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावली तर फळ पोखरणारी अळी आपली अंडी झेंडूकडे वळवते. त्यासाठी झेंडूचे रोप चाळीस दिवसांचे आणि टोमॅटोचे पंचवीस दिवसांचे असावे, म्हणजे दोन्ही एकदम फुलतात. झेंडूच्या मुळांमुळे मातीतील सूत्रकृमीही कमी होतात.

निघताना वहिनींनी कॅलेंडुलाचे बी कागदाच्या पुडीत बांधून दिले. ऑक्टोबरात पेरून पाहणार आहोत, ताटलीविना.