तीन वर्तुळं आणि एक बाकी
‘गेट’ परीक्षेच्या तयारीत थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आलं की मुलं व्याख्या घोकत बसतात. त्यापेक्षा कागदावर तीन वर्तुळं काढा: तीनने भागल्यावरची बाकी ०, १, २. बायनरी संख्या डावीकडून एकेक अंक वाचायची. हातातल्या बाकीची दुप्पट, त्यात नवा अंक, मग तीनने भागून जे उरेल त्या वर्तुळात उडी. सुरुवात शून्यापासून. ११० म्हणजे सहा: आधी १, मग ०, पुन्हा ०. भाग गेला! वर्तुळांच्या या यंत्राला अख्खी संख्या लक्षात ठेवावीच लागत नाही. मला अजूनही याची गंमत वाटते.

आता चारने भाग जाणाऱ्या संख्यांसाठी कमीत कमी किती वर्तुळं? घाईत ‘चार’ लिहून मोकळे होऊ नका. बाकी १ आणि बाकी ३ दोन्हींत भाग जात नाही आणि त्यांच्यातून निघणाऱ्या उड्याही तंतोतंत सारख्या जातात, म्हणून दोघींना एकच वर्तुळ पुरतं. उत्तर तीन.