मंत्र म्हणायचा, पण कशासाठी?

धाड : सकाळची बुलढाण्याची एसटी. खिडकीपाशी बसलेल्या आजी डोळे मिटून ‘गण गण गणात बोते’ पुटपुटतायत. शेजारी कॉलेजचा पोरगा, कानात हेडफोन, मेडिटेशन अ‍ॅपवर ‘ॐ’ सुरू. दोघं एकच काहीतरी करतायत का? आणि हे आलं कुठून?

सुरुवात वेदांपासून करावी लागते. ‘मन्’ म्हणजे विचार करणं आणि ‘त्र’ हा साधन दाखवणारा प्रत्यय. म्हणजे मंत्र हे मनाचं साधन. पण वेदकाळात मंत्र मुख्यतः यज्ञात मोठ्यानं म्हटले जायचे. देवतेला बोलवायचं, पाऊस, गाई, दीर्घायुष्य मागायचं. उच्चार चुकला तर फळ मिळत नाही, ही श्रद्धा. म्हणून पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा पाठांतराच्या पद्धती निघाल्या. शब्द सुटे करून, पुढे-मागे फिरवून म्हणायचे, म्हणजे एक अक्षरही हलत नाही. लिखाणाशिवाय टिकलेली ही परंपरा २००८ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

गायत्री मंत्र ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातला. ऋषी विश्वामित्र, छंद २४ अक्षरांचा. गंमत म्हणजे त्यात पैसाअडका मागितलेला नाही. सवित्यानं आमच्या बुद्धीला प्रेरणा द्यावी, एवढंच मागणं आहे.

उपनिषदांत मंत्र बाहेरच्या यज्ञाकडून आत वळला. मांडूक्य उपनिषद फक्त १२ मंत्रांचं. त्यात ॐ मधल्या अ, उ, म् या ध्वनींना जागेपण, स्वप्न आणि गाढ झोप यांच्याशी जोडलंय. त्यांच्या पलीकडची शांतता ही चौथी अवस्था. पुढे पतंजलींनी योगसूत्रांत सांगितलं की नुसतं घोकून भागत नाही, जपाबरोबर अर्थाचं चिंतनही हवं. त्यानं आळस, शंका, मनाचं भरकटणं असे अडथळे कमी होतात. परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्याला छळणारी हीच मंडळी!

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. वेदमंत्रांचं दार स्त्रियांना आणि शूद्र मानलेल्यांना शतकानुशतकं बंद होतं. अगदी १८९९ मध्ये कोल्हापुरात खुद्द शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहित तयार नव्हते. मग सामान्य माणसानं काय करायचं? उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडतं. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणाराजा हे संत चोखोबांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांना विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांनी नाम धरलं. नामाला मुंज लागत नाही, संस्कृत लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. १८७८ मध्ये शेगावात प्रकटलेल्या गजानन महाराजांचा मंत्र एसटीतल्या आजींच्या ओठांवर आला, तो याच वाटेनं.

विज्ञान काय म्हणतं? २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी लोकांना ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा बौद्ध मंत्र आणि ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाच्या लयीवरही चांगला परिणाम दिसला. अभ्यास छोटा आहे, त्यावरून चमत्काराचे दावे करू नयेत. पण एक कळतं : लयीत म्हटलं की श्वास लांबतो.

करून पाहायचंय? मोबाइल सायलेंट करा. ज्याचा अर्थ तुम्हाला पटतो असा एक शब्द निवडा; ॐ, विठ्ठल, बुद्ध, अल्ला, काहीही. आधी मोठ्यानं, मग पुटपुटत, मग मनातल्या मनात. जुन्या ग्रंथांत जपाचे हेच तीन प्रकार सांगितलेत आणि मनातल्याला सगळ्यात वरचा मान दिलाय. मन पळेल, ओरडू नका त्याला, परत आणा. दहा मिनिटं पुरेत. पेपर काही मंत्र सोडवून देणार नाही, अभ्यास करावाच लागेल. फक्त पुस्तक उघडून बसाल, तेव्हा मनही तिथंच बसलेलं असण्याची शक्यता थोडी वाढेल.