गरम वाडगा, एकटीचा

मॅगी आता आपल्याकडे घाटातल्या टपरीवरही मिळते. १९८३ मध्ये ती भारतात आली आणि घराघरातल्या पोरांची लाडकी झाली. पण या झटपट नूडल्सचं माहेर जपान! १९५८ मध्ये मोमोफुकू आंदो यांनी पहिलं झटपट 'रामेन' बाजारात आणलं. बायको टेम्पुरा, म्हणजे तिथली भजी, तळत असताना त्यांना नूडल्स तळून वाळवायची युक्ती सुचली, असं सांगतात. या पती-पत्नींवर बेतलेली 'मानपुकू' ही मालिका २०१८ मध्ये जपानी टीव्हीवर आली, तेव्हा तिची नायिका होती ती बायकोच. ऐकून बरं वाटलं!

खरं रामेन मात्र मी खाल्लं ते गेल्या वर्षी, टोकियोला भाचीकडे गेले तेव्हा. ती राहते त्या निशी-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे. डाळ, तांदूळ, मसाले सगळं मिळतं. पण मला तिथलं खायचं होतं. भाचीनं शाकाहारी रामेनचं दुकान शोधून दिलं, कारण एरवी रामेनचा रस्सा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा, नाहीतर माशाचा असतो. "मावशी, मला ऑफिस आहे. तू एकटीच जा," असंही वर सांगितलं.

एकटीच? मैत्रिणींनो, आपल्याकडे तालुक्याच्या गावी बाई हॉटेलात एकटी शिरली तर काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मालक 'फॅमिली रूम'च्या पडद्याकडे बोट दाखवतो आणि वेटर विचारतो, "अजून कोण येणारेत?"

इथे दाराशीच एक यंत्र होतं. पैसे टाकायचे, चित्राचं बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची. आतल्या मुलीनं विचारलं, "ओहितोरीसामा?" भाचीनं हा शब्द शिकवून ठेवला होता. 'हितोरी' म्हणजे एकटं माणूस आणि 'सामा' हा मान देणारा शब्द. एकटीलाही मानानं हाक मारायची सोय त्या भाषेत आहे!

लांब फळीपुढे उंच स्टुलं, समोर आचारी. शेजारी ऑफिसातून आलेल्या दोन मुली, त्याही एकेकट्या. माझ्यापुढे वाडगा आला. वाटलेल्या तिळाचा दाट, झणझणीत रस्सा आणि पिवळसर नूडल्स. त्या असतात गव्हाच्याच, पण पिठात 'कान्सुई' नावाचा खार घालतात. आपल्या पापडखाराचाच भाऊ म्हणा ना! त्यानंच त्यांना लवचीकपणा आणि तो पिवळा रंग येतो.

आणि खायचं कसं? चक्क भुरके मारत! आवाज झाला तरी कुणी डोळे वटारत नाही. शिवाय लगेच खायचं, कारण नूडल्स रश्शात राहिल्या की फुगून गिळगिळीत होतात. रामेन कुणासाठी थांबत नाही.

मी खात होते आणि मनात आलं, इतकं गरम अन्न, मध्ये एकदाही न उठता, मी शेवटचं कधी खाल्लं होतं? माहेरी, लग्नाआधी असेल. घरात आपण तव्यावरची पोळी दुसऱ्याच्या ताटात वाढतो आणि आपल्या वाट्याला येते ती डब्यातली तळाची. आमच्या बचत गटाच्या बायका मेळाव्याला दोनशे माणसांचा स्वयंपाक करतात आणि दुपारी तीन वाजता गार भात खातात. याला आपण 'बाईचं वळण' म्हणतो.

हजार येनचा, म्हणजे आपल्या साडेपाच-सहाशे रुपयांचा तो वाडगा खिशाला महागच. पण गावी परतल्यावर गटाच्या बैठकीत मी विषय काढला. आता आमच्या मेळाव्यात रांधणाऱ्या बायका पहिल्या पंगतीला बसतात आणि वाढायला उभे राहतात पुरुष. पहिल्या दिवशी थोडी कुरकुर झाली. "आम्हाला वाढता येत नाही," म्हणे!

येतं हो, दोन पंगतीत शिकतात.